कुत्र्याने काहीतरी गिळलंय, आता काय करू? (आमच्याकडे तीनदा झालंय)

आमचा लाडू लॅब्रॉडॉर आहे, साडेचार वर्षांचा, वजन ३२ किलो. आत्तापर्यंत त्याने तीन वेळा नको ती वस्तू गिळलीये, पहिल्यांदा आंब्याची कोय, मग माझ्या मुलाचा मोजा, आणि गेल्या वर्षी हवाई चपलेचा तुकडा. तिन्ही वेळा वेगळंच झालं. कोय ऑपरेशन करून काढावी लागली, मोजा डॉक्टरांनी उलटी करवून काढला, आणि चपलेचा तुकडा दोन दिवसांनी शीमधून आपोआप पडला. त्यामुळे कोणी "अहो आमच्या कुत्र्याचं पडून गेलं, तुमच्याही पडेल, कशाला घाबरता" असं म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पहिल्या वेळी "आता बरा झालाय" असं समजून आम्ही दोन दिवस घालवले होते आणि ते दोन दिवस लाडूच्या आतड्याला महागात पडले.

सगळ्यात आधी श्वास बघा, बाकी सगळं नंतर. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतोय, मान पुढे ताणतोय, घशातून घरघर येतेय किंवा आवाजच येत नाहीये, हिरड्या निळसर दिसतायत, तर वस्तू पोटात गेलेली नाही, घशात अडकलीये आणि हातात मिनिटंच आहेत. तोंड उघडून बघा, वस्तू दिसत असेल आणि चिमटीत येत असेल तरच काढा. दिसत नसताना आत बोटं घालून चाचपू नका, वस्तू आणखी खाली जाते आणि गुदमरणारा कुत्रा आपल्याच माणसाला कडकडून चावतो, त्याचा दोष नसतो त्यात. छोटा कुत्रा असेल तर मागचे पाय वर धरून डोकं खाली करा आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे थापट्या मारा. मोठा असेल तर मागून दोन्ही हात पोटाभोवती घाला, बरगड्या संपतात तिथे लगेच खाली मूठ ठेवा आणि आत आणि वर, डोक्याच्या दिशेने, चारपाच झटके द्या, मग परत तोंडात बघा. निघालं तरी डॉक्टरकडे जायचंच, कारण घसा सोलवटलेला असतो, सूज नंतर येते.

श्वास नीट आहे म्हणजे थोडा वेळ आहे. पण काही वस्तू अशा आहेत की कुत्रा मजेत शेपूट हलवत असला तरी थांबायचं नाही, गाडी काढायची. एक, बटन सेल, म्हणजे रिमोट, खेळणी, वजनकाटा ह्यात असतो तो चपटा गोल. तो अन्ननलिकेत चिकटून बसला तर अर्ध्या तासात तिथलं मांस जळायला लागतं. दोन, लोहचुंबक, आणि त्यातही एकापेक्षा जास्त. आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत दाबून भोक पाडतात. तीन, सुई, ब्लेड, गळ, टाचणी. चार, कुठलीही लांब गोष्ट, दोरा, मांजा, रिबन, गजऱ्याचा दोरा, साडीची फॉलपट्टी, त्याबद्दल खाली वेगळं लिहिते कारण ह्याची भीती लोकांना वाटतच नाही. आणि वस्तूबरोबर विष गेलं असेल तर ते आणखी वेगळं, म्हणजे उंदराच्या औषधाची पुडी, गोळ्यांची अख्खी स्ट्रिप, बिनसाखरेच्या च्युइंगमचं पाकीट (त्यात बऱ्याचदा साखरेऐवजी झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते), दिवाळीतला न उडालेला फटाका.

आता घरच्या उपायांबद्दल. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची, हे आपल्याकडे प्रत्येक घरातलं मोठं माणूस सांगतं, माझ्या सासूबाईंनीही सांगितलं होतं आणि त्यांचा जीव आहे लाडूवर, पण कृपा करून हे करू नका. उलटी नाही झाली तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम वाढतं, झटके येतात, कुत्रा ह्यानेच मरू शकतो. दुसरं, नेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायला सांगतात. तिथे जे माप दिलेलं असतं ते ३ टक्क्यांच्या द्रावणाचं असतं आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये बऱ्याचदा २० व्हॉल्यूमची बाटली मिळते, म्हणजे साधारण ६ टक्के, दुप्पट कडक. तेच माप घातलं तर जठराला आतून जखमा होतात, आणि ३ टक्क्यांच्यानेही होऊ शकतात. म्हणून डॉक्टर फोनवर बाटली वाचायला सांगून, वजन विचारून, मिली सांगत असतील तरच, नाहीतर हात लावू नका. टोकदार वस्तू, सेल, अ‍ॅसिड, फिनाइल, रॉकेल ह्यात तर उलटी अजिबातच करवायची नाही, खाली जाताना जेवढं फाडलं किंवा जाळलं तेवढंच वर येताना परत. आणि कुत्रा झोपाळलेला, लटपटत असेल तरीही नाही, उलटी फुप्फुसात जाते.

एरंडेल, तूप, पॅराफिन पाजून "घसरवून" काढायचं हेही नको. वाट बंद असेल तर मागून जोर लावून काय होणार, आतडं फाटेल. शिवाय जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, ह्यातलं काहीही कुत्र्याला देऊ नका.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. मे महिना, घरात पाहुणे, आमरस केलेला, कोयींचं ताट सिंकखाली ठेवलं होतं. दुपारी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाडूने पिवळं पाणी उलटलं. थोड्या वेळाने परत. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे उन्हाळ्याने पित्त झालंय म्हणून उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे फोटो काढला नाही, आणि आम्हीही "कोय खाल्ली असेल का" हे बोललो नाही कारण आम्हाला ते सुचलंच नाही. इंजेक्शनने उलटी थांबली. आम्हाला वाटलं बरा झाला. तो कोपऱ्यात पडून होता, आवडीचं चिकन समोर धरलं तर तोंड फिरवलं, शी नाही, आणि मधेच उठून पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायचा आणि ढुंगण वर ठेवून तसाच उभा राहायचा. मुलाला वाटलं खेळायला बोलावतोय. खेळायला बोलावताना कुत्रा असं क्षणभर करतो, शेपूट हलत असतं, उडी मारून पळतो. पोट दुखत असताना तो तसाच राहतो, शेपूट हलत नाही, डोळे कुठेतरी लागलेले असतात. हा फरक मला आता झोपेतही कळेल.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, घरात आंबे चालू आहेत का?" मी मान हलवली आणि तिथेच पाय गळाले. त्यांनी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली, पांढरी झाली, सोडली, गुलाबी यायला वेळ लागला. दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला पाहिजे, हे तुम्हीही घरी बघू शकता, आज कुत्रा चांगला असतानाच बघून ठेवा म्हणजे त्याचा नेहमीचा रंग माहीत होईल. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी उभी राहिली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं.

एक्स-रेमध्ये कोय दिसली नाही. हे नीट वाचा, कारण फार लोक "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून घरी येतात. एक्स-रेमध्ये धातू दिसतो, दगड दिसतो, हाड दिसतं. कापड, प्लास्टिक, लाकूड, कोय, मक्याचं दाणे खाऊन उरलेलं कणीस हे बऱ्याचदा दिसतच नाही. दिसतात ते मागे फुगलेले आतड्याचे वेटोळे, गॅस भरलेले. म्हणून दोन बाजूंनी फोटो काढतात, एक कुशीवर आणि एक पाठीवर झोपवून, आणि शंका राहिली की सोनोग्राफी. लाडूची सोनोग्राफीत सापडली, लहान आतड्यात. काही ठिकाणी बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव) पाजून फोटो काढतात, पण आतडं फाटल्याची शंका असेल तर ते करत नाहीत, बेरियम पोटात सांडलं तर घाण होते.

कोय म्हणजे (कोकणात बाठा म्हणतात तोच) गुळगुळीत वाटते, रस चोखलेली असते, कुत्रा अख्खी गिळतो, घशातून उतरते, जठरात मावते, आणि पुढच्या अरुंद नळीत पाचर बसल्यासारखी बसते. ती विरघळत नाही, वरचे तंतू नुसते फुगतात. कणसाचंही तेच, पावसाळ्यात गाड्यापाशी फेकलेली कणसं फिरायला नेलेले कुत्रे उचलतात, आणि हे प्रकरण जठरात कितीतरी दिवस गप्प पडून राहू शकतं, मालक विसरलेलाही असतो.

म्हणून डॉक्टरला फोन करताना ह्या गोष्टी सांगा, विचारायची वाट बघू नका: काय गिळलं, केवढं होतं, किती वाजता (किंवा शेवटचं धड कधी पाहिलं), कुत्र्याचं वजन, त्यानंतर काय खाल्लं, उलटी किती वेळा, शेवटची शी कधी. आणि तशीच दुसरी वस्तू सोबत न्या! मोज्याच्या वेळी मी जोडीचा मोजा पिशवीत घालून नेला, डॉक्टरांनी तो हातात चुरगळून मूठभर गोळा केला, बघितला, लाडूचं वजन बघितलं, २० मिनिटांपूर्वीच गेलाय हे विचारून खात्री केली आणि म्हणाले, उलटी करवू, येईल. इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत मोजा फरशीवर. पहिल्या दोन तासांत गेलात तर असं होऊ शकतं, कारण वस्तू अजून जठरात असते. जठरात असेपर्यंत काही मोठ्या दवाखान्यांत दुर्बिणीनेही काढतात, म्हणजे पोट न कापता. एकदा का ती आतड्यात उतरली की हे दोन्ही दरवाजे बंद.

आता दोऱ्याचं. शेजारच्या काकूंच्या पॉमेरियनने सुई ओवलेला दोरा गिळला होता, सुई तर लगेच दिसली फोटोत, सगळ्यांचं लक्ष सुईकडे, पण डॉक्टरांना काळजी दोऱ्याची होती. दोऱ्याचं एक टोक कुठेतरी अडकतं, मांजरात बहुतेक जिभेखाली आणि कुत्र्यात बहुतेक जठर संपून आतडं सुरू होतं त्या तोंडाशी, आणि बाकीचा दोरा आतडं पुढे ढकलत राहतं. मग परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा त्या चुण्यांना करवतीसारखा कापत जातो, एक नाही तर चारपाच ठिकाणी भोकं पडू शकतात. त्यामुळे तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मागून लांब लोंबत असेल तर शरीरापासून थोडं अंतर ठेवून कापा म्हणजे पायात अडकणार नाही, गळ्यात प्लास्टिकची कॉलर (चाटता-चावता येऊ नये म्हणून असते ती) घाला आणि निघा. संक्रांतीनंतरचे आठ दिवस गच्चीवर आणि झाडाखाली मांजा बघत चला.

हाडांबद्दल नेहमी वाद होतो, तर माझं मत स्पष्ट आहे, शिजवलेलं हाड द्यायचंच नाही, शिजलं की ते ठिसूळ होऊन सुळ्यासारखे तुकडे पडतात. चोरून खाल्लंच असेल आणि कुत्रा ठीक असेल तर उलटी करवू नका, डॉक्टरना फोन करा, तुकडा छोटा असेल तर ते पुष्कळदा एकदोन दिवस लक्ष ठेवायला सांगतात, जठरातलं अ‍ॅसिड हाड मऊ करतं. पण गिळल्यापासून सारखी लाळ गळतेय, घोटता येत नाहीये, खाल्लेलं न पचता लगेच तोंडातून बाहेर पडतंय, तर हाड अन्ननलिकेत बसलंय, ते थांबायचं प्रकरण नाही.

"लक्ष ठेवा" म्हणजे काय ते चपलेच्या तुकड्याच्या वेळी शिकले. तुकडा दोन बोटांएवढा, मऊ रबर, कडा गोल, लाडू मोठा, डॉक्टरांनी तपासून, फोटो काढून सांगितलं की थांबू. मी वहीत वेळ लिहून ठेवत होते, काय खाल्लं, पाणी किती प्यायला, शी कधी. प्रत्येक शी काडीने मोडून बघितली, हातमोजे घालून, घाण वाटून घेऊ नका, नाहीतर पडलं की नाही हे कळणारच नाही. बहुतेक वस्तू पडायच्या असतील तर दोनतीन दिवसांत पडतात, आमची साधारण ४० तासांनी पडली. ह्या काळात एकापेक्षा जास्त उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावल्यावर कण्हणं किंवा पोट लाकडासारखं घट्ट करणं, शी बंद किंवा काळी डांबरासारखी शी, सुस्ती, ह्यातलं एकही दिसलं की वाट बघणं संपलं, रात्री दोन वाजले असले तरी. थोडी शी झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, अडथळ्याच्या पुढे जे आधीपासून होतं ते पडतंच. आणि ह्या काळात उलटी थांबवायचं औषध स्वतःहून देऊ नका. मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधं आतडं जोरात हलवतात, वाट बंद असताना ते नको असतं, आणि बाकीची औषधं उलटी दाबून टाकतात, म्हणजे तुम्हाला सावध करणारी एकच खूण होती तीही गेली. आमचं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं.

ऑपरेशनला घाबरून उशीर करू नका एवढंच सांगते. लवकर गेलात तर आतड्याला छोटी चीर देऊन वस्तू काढतात आणि शिवतात. उशीर झाला तर तो भाग काळा पडलेला असतो, तेवढा कापून दोन टोकं जोडावी लागतात, तेव्हा धोका एकदम वाढतो. लाडूचं आतडं जांभळं झालं होतं पण रंग परत आला, कापावं लागलं नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन ट्रेमधली कोय दाखवली, धुतल्यावर अगदी आपल्या ताटातली वाटावी अशी, आणि माझे हात थरथरत होते. खर्च आधी विचारा, फोटो, सोनोग्राफी, रक्त तपासणी, भूल, ऑपरेशन, ठेवण्याचे दिवस हे वेगवेगळं धरतात, विचारण्यात कमीपणा नाही, पैशांची अडचण असेल तर तेही आधीच सांगा.

घरी आणल्यावर तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात नाजूक, टाके आतून सुटायचे असतील तर बहुतेक तेव्हा सुटतात. कुत्रा दुसऱ्या दिवशी ताजातवाना दिसतो आणि आपण सैल पडतो. ताप, परत उलट्या, परत मरगळ, पोट फुगणं, लगेच फोन. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, बिचारं तोंड करून बघतो तरी नाही, आणि जेवण डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं.

परत परत का गिळतो, तर हा प्रश्न मी तीनही वेळा विचारला. पिल्लू असेल तर साधारण तीन ते सात महिने दात येतात, तेव्हा सगळं चावणारच. मोठा कुत्रा अचानक माती, कापड, दगड खायला लागला तर जंत, रक्त कमी असणं, पचनाचे आजार ह्याची तपासणी करून घ्या, शिस्तीचा प्रश्न समजून मारू नका. आणि लॅब असेल तर भूक हीच गोष्ट मुळात वेगळी असते, २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी ह्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि असे कुत्रे खाण्यासाठी जास्त वखवखलेले असतात. हे वाचल्यापासून मी लाडूवर चिडणं सोडलं आणि घर बदललं. कचऱ्याचा डबा पायाने उघडायचा आणि झाकणाला खिट्टी असलेला, मोजे थेट मशीनमध्ये, रिमोटच्या सेलच्या झाकणावर टेप, आणि मे महिन्यात कोयी मोजून कागदात गुंडाळून लगेच बाहेर.

एक चूक जवळजवळ सगळे करतात, तोंडात काही दिसलं की ओरडत मागे धावतात. कुत्र्याला वाटतं हे काढून घेणार, म्हणून तो घाईघाईने गिळतो. मोजा असाच गेला आमच्याकडे, मुलगा "सोड सोड" करत धावला आणि लाडूने डोळ्यांदेखत घोट घेतला. आता रोज पाच मिनिटं अदलाबदल करतो, तोंडात खेळणं दिलं, समोर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरला, शांतपणे "सोड" म्हटलं, सोडलं की तुकडा आणि खेळणंही परत. खेळणं परत मिळतं हे त्याला कळलं तरच तो सोडतो. फिरायला जाताना फारच उचलत असेल तर जाळीचं मुसकं घाला, त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, कापडी घट्ट नको.

आणि आजच्या आज एक काम करा, तुमच्या गावात रात्री कुठला दवाखाना उघडा असतो आणि तिथे एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन ह्यातलं काय होतं ते फोन करून विचारून घ्या, कारण बरेच जण रात्री फोन उचलतात पण मशीन नसतं. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ पासून सुरू आहे, आणि बाकी ठिकाणी नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, त्यांच्या वेळा विचारून ठेवा. आमच्या फ्रिजवर दोन नंबर आणि लाडूचं वजन लिहिलेला कागद आहे, वजन दर तीन महिन्यांनी खोडून नवीन लिहितो.